टेंभुर्णी लागत नाही

माझी मुलगी महेश्वरी सव्वीस वर्षांची आहे. गेल्या सोमवारी तिच्या कारखान्याच्या मॅनेजरनं तिला सांगितलं, "उद्या येताना घरातलं कुणीतरी मोठं माणूस घेऊन ये." पाचवीतल्या मुलीला सांगावं तसं. हे मी लिहून काढते आहे, कारण आमच्या जुळे सोलापूरच्या सोसायटीत आत्ताच या प्रकाराच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी फिरायला लागल्या आहेत आणि दोन्हींत माझी मुलगी रडते. ती रडलेली नाही. रडले असेन तर मी, आणि तेही घरी.

महेश्वरी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात काम करते. बी.एस्सी. कॉम्प्युटर झाल्यावर तिच्या वर्गातल्या बहुतेक मुली पुण्याला गेल्या. ही गेली नाही. का, असं विचारलं की म्हणायची, "तिथं मी चारशेजणांत एक असणार. इथं काही बिघडलं की मलाच हाक मारतात." खालच्या मजल्यावरच्या रत्नम्मा मला जिन्यात गाठून विचारायच्या, "तुमची पोरगी पेंडीच्या कारखान्यात वायरी बघती म्हणं?" मी हसून वर यायचे. आता हसणार नाही.

काम तसं सांगायला सोपं आहे. कारखान्यात एका छोट्या थंड खोलीत सर्व्हर आहे. किती पोती तयार झाली, किती कुठं गेली, सगळी नोंद त्याच्या पोटात. कारखान्यातले संगणक त्याच्याशी बोलतात, आणि साठेक किलोमीटरवर टेंभुर्णीला जो डेपो आहे, तिथला संगणकही इंटरनेटवरून त्याच्याशीच बोलतो. टेंभुर्णीच्या ट्रकला गेटपास हवा असेल तर तो सर्व्हरला विचारूनच निघतो. सर्व्हर बोलला नाही की ट्रक हलत नाही. हे बोलणं चालू ठेवणं हे महेश्वरीचं काम. रोज सकाळी सात रस्ता चौकातून कंपनीची बस पकडते. पोचली की मला एका शब्दाचा मेसेज करते: पोचले. तो येईपर्यंत मी पोहेसुद्धा खात नाही. हायवेवर ट्रक कसे चालतात ते मी पाहिलेलं आहे.

आता खंडेनवमीचं सांगते. इथंच माझा हात आहे, आणि तो मी लपवणार नाही.

खंडेनवमीला कारखान्यात सगळी यंत्रं धुऊन-पुसून पूजतात. गेटवर कोहळा फोडतात. पूजलेलं यंत्र दसऱ्याचा दिवस उलटेपर्यंत चालवायचं नाही, ही तिथली रीत. दोन वर्षं महेश्वरीच्या सर्व्हरला कुणी विचारलं नव्हतं. तो इन्व्हर्टरवर आपला घुमत राहायचा. यंदा मी तिच्या डब्याबरोबर झेंडूचा एक हार आणि हळदीकुंकवाची पुडी दिली.

"सगळ्या मशीनची पूजा होते, मग तुझ्याच मशीननं काय घोडं मारलंय?"

"आई, ते बंद करावं लागेल."

"मग कर बंद. चालत्या यंत्राला हार घालतात होय?"

तिनं रीतसर केलं. मॅनेजर आदिनाथरावांना मेसेज टाकला, की दुपारी सर्व्हर बंद करते, पूजा करते, दसऱ्यानंतर सुरू करू. खाली हाराचा फोटो. त्यांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. तिनं सर्व्हर नीट बंद केला, हार घातला, फोटो मला पाठवला. मी तो फोटो माझ्या बहिणींनाही पाठवला. संध्याकाळी कारखान्याचा मुख्य स्विचही बंद झाला.

शुक्रवारी कारखाना उघडला. सर्व्हर सुरू झाला. कारखान्यातले सगळे संगणक त्याच्याशी बोलू लागले. टेंभुर्णी मात्र लागेना.

डेपोवर सिद्धाराम नावाचे पन्नाशीचे कारकून आहेत. त्यांचा फोन आला, "ताई, लागत न्हाय." महेश्वरी उठून सर्व्हरच्या खोलीकडे निघाली तर आदिनाथराव दारात. त्यांनी पुण्याच्या एका माणसाला फोन लावला होता, ज्यानं हे सगळं कधीकाळी बसवून दिलं होतं. तो पुण्यातूनच सर्व्हरमध्ये डोकावून म्हणाला, सर्व्हर ठणठणीत आहे, तुमच्या टेंभुर्णीच्या नेटचा दोष. टेंभुर्णीचा नेटवाला म्हणाला, आमचं नेट झकास आहे, पिंग येतोय. पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला नुसती हाक मारून पाहणं, ओ देतं का. ओ येत होती. मग पुण्याचा म्हणाला, ओ येते आणि तरी काम होत नाही म्हणजे सर्व्हर म्हातारा झाला असेल, नवा बसवू.

एवढं ऐकून आदिनाथराव सर्व्हरच्या खोलीत गेले आणि त्यांना तो हार दिसला. पंख्याच्या जाळीत झेंडूची एक पाकळी अडकली होती.

तिथून पुढं त्यांना दुसरं काही दिसेना. खोलीची किल्ली त्यांनी खिशात घातली. महेश्वरीला बसवलं फोनपाशी. सिद्धाराम ट्रकचा नंबर सांगणार, ही पोत्यांचा हिशोब बघून तोंडी गेटपास सांगणार, ते हातानं लिहिणार. शुक्रवार, शनिवार, सोमवार. डेपोच्या बाहेर ट्रकची रांग आणि ड्रायव्हरांच्या शिव्या, त्या फोनमधून हिच्या कानात. सोमवारी संध्याकाळी आदिनाथरावांनी एक टाइप केलेला कागद पुढं ठेवला.

"मी परवानगी न घेता सर्व्हर बंद करून त्यावर हार व हळदीकुंकू वाहिल्यामुळे त्यात बिघाड झाला. याची जबाबदारी मी घेते व माफी मागते."

"सर, परवानगी घेतली होती. तुम्ही अंगठा पाठवला होता."

"तो मी फुलांना दाखवला. सणाचा होता."

"आणि बिघाड काय झालाय, ते अजून कुणालाच माहीत नाही."

"पाकळी मी माझ्या हातानं काढली, महेश्वरी. सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नको. आणि घरातलं मोठं माणूस घेऊन ये. तुला समज देण्यापलीकडं गेलंय हे."

त्या रात्री घरात काय झालं, ते खरं सांगते. तिचे बाबा म्हणाले, सही करून टाक, विषय संपव. आणि मीही तेच म्हणाले. म्हणाले, "हार मी दिला होता. चूक माझी आहे. एका सहीनं काय होतंय?" शाळेत तिच्या वहीतल्या प्रत्येक शेऱ्याखाली मी अशीच सही केलेली आहे, बऱ्याचदा न वाचता. माणसानं नोकरी टिकवावी, असं मला वाटत होतं. मला भीती वाटत होती. अजूनही वाटते.

ती जेवत होती. म्हणाली, "आई, जे मी केलं ते लिहून देईन. जे झालंच नाही त्याखाली माझं नाव घालणार नाही."

"म्हणजे नोकरी घालवणार?"

"ती ते घालवतील. मी नाही."

मग ताटावरच बोटानं रेघा ओढत बसली. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाली, "तीन दिवस झाले, सिद्धारामकाका फक्त 'लागत नाही' म्हणतात. स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतं, ते मी एकदाही विचारलं नाही."

मंगळवारी मी तिच्याबरोबर बसमध्ये बसले. पर्समध्ये पेन टाकलं होतं, सहीसाठीच. हेही खरं सांगते.

आदिनाथरावांच्या केबिनमध्ये मालक मानसिंगराव आधीच येऊन बसले होते. सत्तरीचे, पांढरा सदरा, हातात काठी. मला बसायला सांगितलं, चहा सांगितला. कागद माझ्यापुढं सरकवला गेला. खाली दोन रेघा होत्या. एकीखाली "कर्मचाऱ्याची सही". दुसरीखाली "पालकाची सही".

"काकू, तुम्हीच समजवा," आदिनाथराव म्हणाले. माणूस वाईट नाही. तीन दिवस झोपला नव्हता हे डोळ्यांवरून कळत होतं. "बावीस ट्रक उभे आहेत. मालकांना मी काय उत्तर देऊ?"

महेश्वरी मालकांकडं वळली. "मालक, मला एक तास द्या. मी सर्व्हरला हात लावणार नाही. खोलीतही जाणार नाही. इथंच, तुमच्यासमोर, फोनवरून बघते."

"आणि एक तासानं?" मानसिंगराव म्हणाले.

"एक तासानं कळलं नाही तर कागद आहेच पुढ्यात."

"सही करशील?"

"नाही. पण माझ्या पायांनी घरी जाईन. कुणी हाकलायची गरज पडणार नाही."

मी पर्समधलं पेन चाचपलं. मालक मात्र हसले. "बघ, बघ. अर्धा चहा होऊ दे माझा, तोवर सुरू कर."

तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काका, सर्व्हरला जोडायला जा. काय येतं ते मला वाचून दाखवा."

"लागत न्हाय की ताई, रोजचंच."

"तसं नाही. लाल अक्षरात जे येतं ते एकेक शब्द वाचा."

"इंग्रजी हाय वो. माझं वाचून हितली पोरं हसत्याली."

"हसू दे. वाचा."

सिद्धारामांनी घसा साफ केला आणि पोथी वाचावी तसं वाचलं, "क-ने-क्शन... रि-फ्यूज्ड."

"किती वेळानं येतं? थांबून थांबून, की लगेच?"

"बटन दाबलं की गपकन. लगीच तोंडावर."

महेश्वरीनं मान वर केली. तिचा तो चेहरा मी ओळखते. लहानपणी हरवलेली चप्पल कुठं आहे ते आठवलं की असाच व्हायचा.

मालकांना तिनं जे सांगितलं, ते मलाही समजलं म्हणून इथं लिहिते. आपण कुणाच्या घरी गेलो, कडी वाजवली आणि कितीतरी वेळ आतून काहीच आवाज आला नाही, तर समजावं, घर बंद आहे किंवा वाटेतच कुणीतरी अडवलंय. पण कडी वाजवताक्षणी आतून कुणीतरी म्हणालं, "इथं असं कुणी राहत नाही," तर? तर घर उघडं आहे, रस्ता नीट आहे, आत माणूसही आहे. फक्त ते आपलं माणूस नाही.

"मग नेट नीट आहे. सर्व्हरही नीट आहे," ती म्हणाली. "टेंभुर्णी दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात उभी आहे."

"काहीतरीच," आदिनाथराव म्हणाले. "पत्ता तोच आहे. गेली तीन वर्षं सर्व्हरच्या पत्त्यातला शेवटचा आकडा वीस. आम्ही बदललेला नाही."

"तुम्ही नाही बदलला, सर. मीही नाही." ती तिच्या स्वतःच्या संगणकाशी गेली, सर्व्हरचं नाव टाकून त्याला हाक मारली. "कारखान्यातले संगणक सर्व्हरला नावानं शोधतात, म्हणून त्यांना काही कळलं नाही. टेंभुर्णी आकड्यानं शोधते. हा बघा सर्व्हरचा आजचा आकडा. तेवीस."

"मग विसावर कोण बसलंय?" मानसिंगरावांनी काठी टेकवून विचारलं.

तेवढ्यात बजाबाई कपबशा न्यायला आल्या. साठीच्या बाई, कारखान्यात झाडलोट करतात. सकाळी सहाला कुलूप त्याच उघडतात. महेश्वरीनं त्यांनाच विचारलं, "मावशी, दसऱ्यानंतर कारखाना उघडला तेव्हा सगळ्यात आधी काय चालू केलंत?"

"मोठं बटन."

"त्याच्यानंतर?"

"हजेरीचं डबडं. त्याच्याबिगर आमचा दिवस धरत्यात व्हय? बोट लावलं, मग झाडू घेतला. तुमची ती थंड खोली लई उशिरा उघडली, सायेब आल्यावर."

महेश्वरी खुर्चीत मागं टेकली. एरवी ही मुलगी कुणासमोर मोठ्यानं हसत नाही. त्या दिवशी हसली. मग म्हणाली, की हे आकडे वाटणारं एक यंत्र असतं, राउटर म्हणतात त्याला. मुख्य स्विच बंद झाला, राउटरही बंद पडला, कुणाला कुठला आकडा दिला होता ते विसरला. उघडल्यावर पहिला जो आला त्याला पहिला आकडा. तीन वर्षं तो सर्व्हरकडं होता, कारण सर्व्हर कधी बंदच झाला नव्हता. यंदा गेटवरचं हजेरीचं मशीन आधी उठलं.

"म्हणजे टेंभुर्णीचे ट्रक हजेरीच्या मशीनकडं गेटपास मागतायत?" मालक म्हणाले.

"चार दिवस झाले."

"हे सगळं तोंडी झालं," आदिनाथराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "पुण्याच्या माणसाला आधी विचारू. तो सांगेल तसं करू. तोवर कुणी कशाला हात लावायचा नाही. हजेरीचं मशीन बिघडलं तर दोनशे माणसांचा दिवस बुडेल."

महेश्वरीनं सिद्धारामांना फोनवरच विसाच्या आकड्याला हाक मारत राहायला सांगितलं. सर्व्हरला हात लावणार नाही, असा शब्द तिनं दिला होता. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"आई, गेटवरच्या हजेरीच्या मशीनची वायर काढशील?"

मी आयुष्यात घरचा मिक्सरसुद्धा दोनदा स्विच बघून काढते. पण मी उठले. बजाबाई माझ्यापुढं चालायला लागल्या. मागून आदिनाथराव, "काकू, हात लावू नका! मी सांगतोय ना!"

मी थांबले नाही. खरं म्हणजे तिथंच मला राग आला. मघापर्यंत माझ्या पोरीला समजावायला मी मोठी होते. आता एक प्लग काढायला लहान झाले होय? गेटपाशी भिंतीवर ते काळं डबडं होतं. बजाबाईंनी खालचा सॉकेट दाखवला. "ह्यो. वढा."

मी ओढला. डबड्यावरचा निळा दिवा गेला.

केबिनमध्ये परत आले तेव्हा फोनमधून सिद्धाराम ओरडत होते. "ताई! आवं, ती हाक मारायचं चालू ठिवलंवतं न्हवं, मघापासनं ओ देत हुतं. आत्ता गप झालं की! कायच बोलंना!"

महेश्वरीनं आपल्या संगणकावर सर्व्हरला हाक मारून दाखवली. तो ओ देत होता. पाकळी खाल्लेला, म्हातारा झालेला, माझ्या हारानं बिघडलेला सर्व्हर खणखणीत ओ देत होता.

मग मानसिंगराव म्हणाले, "आदिनाथ, किल्ली दे तिला."

पुढचं काम वीस मिनिटांचं होतं. राउटरमध्ये तिनं तो आकडा सर्व्हरच्याच नावावर कायमचा लिहून टाकला, म्हणजे कोण आधी उठतं याला अर्थ राहिला नाही. सर्व्हर पुन्हा सुरू केला. मी गेटवर जाऊन माझा प्लग परत लावला. तो मीच लावणार, असं बजाबाईंना सांगितलं होतं.

"लागलं!" सिद्धाराम म्हणाले. मागं कुणीतरी शिट्टी मारली. "ताई, पयला गेटपास निगाला बगा. रांगेतल्या म्होरल्या गाडीचा."

आदिनाथरावांनी टाइप केलेला कागद उचलला आणि चुरगळायला घेतला. "झालं ते झालं," म्हणाले. "विषय इथंच संपवू."

"नाही सर," महेश्वरी म्हणाली. "तो फाडू नका. मला द्या."

तिनं तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसली. माझ्याच पर्समधल्या पेननं. मी शेजारून वाचत होते. सर्व्हर कधी बंद केला, कुणाला कळवून. मुख्य स्विच कधी पडला, आधी काय उठलं. मग एक वाक्य, जे वाचून मी तिचा हात धरला: "सर्व्हरचा आकडा कायमचा ठरवून ठेवायला हवा होता. काम हाती घेतलं तेव्हा मी ते तपासलं नाही. ही माझी चूक आहे."

"हे कशाला लिहितेस?" मी दबक्या आवाजात म्हणाले. "सुटलीस ना तू?"

"कारण हे झालंय, आई."

आदिनाथरावांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "आता हे फाइलला लावायचं?"

"फाइलला नको. सर्व्हरच्या दारावर. पुढच्या वेळी टेंभुर्णी लागली नाही तर जो येईल त्याला वाचता येईल."

मानसिंगरावांनी मान हलवली. आदिनाथरावांनी चिकटपट्टी शोधून दिली. त्यांना हे आवडलेलं नाही. उद्या, पुढच्या महिन्यात, पगारवाढीच्या वेळी ते हे विसरणार नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि महेश्वरीलाही.

निघताना मी त्यांना एवढंच म्हणाले, "साहेब, मला पुन्हा बोलावू नका. तिचं काही बिघडलं तर तिलाच सांगा. ती मोठी आहे." आणि मालकांना म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीला हार येणार आहे. पाकळ्या आतल्या बाजूला दुमडून देईन."

"आणा की," मालक म्हणाले.

बसमध्ये मी तिला विचारलं, "खाली मी सही करायची राहिली का गं? पालकाची?"

"तुझी सही कशाला? तुझी नोंद आहेच त्यात. तू वाचलं नाहीस का?"

वाचलं नव्हतं. तो शेवटचा भाग तिनं दारावर कागद चिकटवल्यावर लिहिला होता. जुळे सोलापुरात ज्याला खरी गोष्ट हवी असेल त्यानं चिंचोळीला जाऊन वाचावी, दारावर आहे. महेश्वरीनं मोबाइलमध्ये फोटो काढला होता, तो दाखवला. अगदी तळाशी, तारीख-वेळेसकट, तिच्या त्या सरळ अक्षरात:

"सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी हजेरीच्या मशीनची वायर काढण्यात आली. मॅनेजरांची परवानगी नव्हती. वायर काढणारी व्यक्ती: माझी आई."